धानाचा काटा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चोरी न करण्याचे शील आपण इथे रोज घेतो. कामावर ते किती जड जाते, तेवढेच सांगतो.

मी धान खरेदी केंद्रावर काट्यावर होतो. एका हंगामात वरून तोंडी निरोप आला, पोत्यामागे किलोभर जास्त घ्या, तुमचाही वाटा राहील. डोक्यावर लेकीच्या लग्नाचे कर्ज. समोर रात्रभर थंडीत पोत्यांवर झोपलेले शेतकरी. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी काटा मारला.

तिसऱ्या रात्री झोप येईना. वडील सांगत ती १९५४ ची आपल्या भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवली. तेव्हा मतदाराला दोन मते होती. बाबासाहेब राखीव जागेवर, सोबत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. दुसरे मत वाया घालवा असे लोकांना सांगू, असे कार्यकर्ते म्हणाले. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. इथवर आले की वडील गप्प होत.

सकाळी मी काटा बरोबर केला. आठवड्यात मला काट्यावरून उठवून गोदामात बसवले. कर्ज फेडायला आणखी सहा वर्षे लागली, घरच्यांचे बोलणेही ऐकले.

पण त्या दोन दिवसांचे धान काही परत गेले नाही. त्यातले कोणी शेतकरी आज इथे बसले असतील. भाऊ, मी तुमची माफी मागतो.

जयभीम!