दुर्बीण घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर मी या मंडळात बोलले ती हळदीकुंकवाच्या उखाण्यापुरती, नाहीतर लोणच्याच्या वर्गात मिठाचे प्रमाण सांगण्यापुरती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा "यंदा तुम्ही दुर्बिणीवर बोला" असे कार्यवाहबाईंनी सांगितले त्या वेळी मी आधी हसलेच. मग मनात आले, या बाबतीत मी एक मोठी चूक केलेली आहे, आणि पदार्थ बिघडवलेल्या बाईला तो का बिघडतो हे चांगले ठाऊक असते. तेवढ्या अधिकारावर चार शब्द सांगते.

२०२१ च्या दिवाळीत मला भिशी लागली. घरात मिक्सर कुरकुरत होता, पण आमची धाकटी तेव्हा आठवीत होती आणि वर्षभर एकच धोशा, "आई, मला दुर्बीण हवी." शिवाय सासूबाईंची रास मकर. त्यांना साडेसाती चालू होती. दर शनिवारी मारुतीला तेल, उपास, आणि घरात काही वाईट घडले की "शनी बसलाय गं" हे वाक्य ठरलेले. त्याही एकदा म्हणाल्या, "जन्मभर ज्याला भीत आले, तो दिसतो तरी कसा, बघावे म्हणते." मग मी मिक्सरचा विचार सोडला आणि साडेसहा हजारांची दुर्बीण आणली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "५२५ पट" असे छापलेले, बाजूला शनीचे रंगीत चित्र. दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला, "यापेक्षा जास्त पटीची आहे का?"

पहिल्याच रात्री गच्चीवर सगळे बिऱ्हाड जमले. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले, त्यांना खुर्ची दिली. तासभर आम्ही नळी इकडून तिकडे फिरवली. कधी काळोख, कधी एक पांढुरका डाग यायचा, थरथर कापायचा आणि पळून जायचा. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "माझेच डोळे गेले असतील," आणि जिना उतरल्या. आमचे हे एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते. दुर्बीण माळ्यावर गेली आणि धाकटीने आकाशाचे नाव काढणे सोडले. भगिनींनो, पैशांपेक्षा मला तेच जास्त लागले.

वर्षभराने, २०२२ च्या डिसेंबरात, शेजारच्या मुलींबरोबर धाकटीला घेऊन मी वांगणीला आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला गेले. आपल्या कल्याणहून कर्जतच्या गाडीने जाता येते. तिथे शिकवणाऱ्या एका गृहस्थांना मी धीर करून आमची कथा सांगितली. त्यांनी विचारले, "नळीवर काय आकडे आहेत?" धाकटीला पाठ होते, "व्यास ७६, अंतर ७००." ते म्हणाले, "बाई, दुर्बीण वाईट नाही. तुम्ही ती चुकीच्या भिंगाने वापरलीत."

मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते. दुर्बिणीचे पहिले काम मोठे करून दाखवण्याचे नव्हे, उजेड गोळा करण्याचे. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल? तसेच आरशाचे किंवा पुढच्या भिंगाचे आहे. व्यास दुप्पट झाला की उजेड चौपट. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. आमचा ७६ मिलिमीटरचा आरसा त्याच्या शंभराहून अधिक पट उजेड घेतो. हे काही थोडे नव्हे.

आता "पट" कुठून येते? नळीवरचे अंतर भागिले डोळ्याजवळच्या भिंगावरचा आकडा, एवढेच गणित. २० चे भिंग लावले की ७०० भागिले २०, म्हणजे ३५ पट. ४ चे लावले की १७५ पट. त्यात खोक्यातले तिप्पट करणारे बार्लो भिंग बसवले की झाले ५२५. पण उजेड तेवढाच राहतो. चार माणसांच्या वरणात पाणी घालून चाळीस पाने वाढावीत तसे होते. पातेले भरते, चव जाते. व्यासाचे जितके मिलिमीटर त्याच्या दुपटीहून जास्त पट करू नये, असा जाणत्यांचा नियम आहे. म्हणजे आमच्या दुर्बिणीला दीडशे ही हद्द, तीही हवा स्थिर असेल त्या रात्री. आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा सारखा सरकतो. पट जितकी जास्त तितका तो लवकर निसटतो आणि तिपाईचा कंपही तितकाच मोठा दिसतो. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र शोधले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीने. आणि मी ५२५ पट घेऊन काळोख बघत बसले होते!

घरी येऊन आम्ही दुर्बीण उतरवली. दिवसा लांबच्या पाण्याच्या टाकीवर नळी रोखली आणि वरची छोटी शोधक दुर्बीण स्क्रू फिरवून त्याच टाकीवर आणली. मोठीत जे दिसते तेच छोटीच्या मध्यावर आले पाहिजे. पहिल्या वर्षी हे केलेच नव्हते, मग सापडणार काय? तिपाईचे पाय लांब न करता आखूड ठेवले आणि मधोमध वाळूची पिशवी टांगली. थरथर निम्म्याहून कमी झाली. घरातली दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर ठेवली, कारण आरसा बाहेरच्या हवेइतका निवला नाही तर तापलेल्या तव्यावरून पलीकडचे हलताना दिसते तसे सगळे हलते.

संध्याकाळी पश्चिमेला शनी होता. आधी २० च्या भिंगाने धरला, मग १२.५ चे लावले, म्हणजे ५६ पट. धाकटी नुसती "आई" म्हणाली आणि मला पुढे ओढले. मुगाच्या दाण्याएवढा, पण स्वच्छ. भोवती कडे! मी धावत खाली गेले. सासूबाई येईनात. "पुन्हा नको गं," म्हणाल्या. हात धरून आणल्या. बराच वेळ त्या डोळा लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हा तर कंकण घातलेला आहे. आणि केवढासा!" शनिवारचे तेल त्यांनी सोडले नाही, मीही सोडा म्हटले नाही. पण साडेसातीचे नाव निघाले की त्यांचा चेहरा उतरायचा, तो पुढे उतरला नाही. २०२४ च्या श्रावणात त्या गेल्या. ती दुर्बीण आणखी दोन वर्षे माळ्यावर राहिली असती तर, हा विचार मला अजून येतो.

त्यानंतर २०२५ मध्ये ते कडे आपल्या नजरेच्या अगदी रेषेत आले आणि छोट्या दुर्बिणीतून जवळजवळ दिसेनासे झाले. साधारण पंधरा वर्षांनी असे होते. कड्याचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटरच्या घरात, पण जाडी बहुतेक ठिकाणी एखाद्या इमारतीच्या उंचीएवढीच. मग कडे पुन्हा हळूहळू उघडत जाते. तेव्हा त्या काळात कोणी शनी पाहून निराश झाले असेल तर दुर्बिणीला दोष देऊ नये.

आता घ्यायचे असेल तर काय घ्यावे? माझे पहिले सांगणे, आधी काहीच घेऊ नका. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचे खगोल मंडळ आहे. अशा ठिकाणी जाणते लोक प्रेमाने दाखवतात. दुसरे, पहिली खरेदी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची असावी. तिच्यावर ७×५० किंवा १०×५० असे लिहिलेले असते. पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा. तिच्यातून कृत्तिकांचा पुंजका, पुष्य नक्षत्रातली ताऱ्यांची गर्दी, मृगातला तेजोमेघ, काळोख्या गावी देवयानीची दीर्घिका हे सारे दिसते. हात भिंतीला किंवा खुर्चीच्या हाताला टेकवावेत. हौस फिटली तरी ती प्रवासाला, पक्षी पाहायला उपयोगी पडते; पैसे वाया जात नाहीत.

तिसरे, मोठी घ्यायचीच तर पट विचारू नका. व्यास विचारा आणि तिपाई हलवून बघा. बोट लावल्यावर जी दोन-तीन सेकंद थरथरते ती परत द्यावी. जमिनीवर बसणाऱ्या लाकडी बैठकीची एक जात असते, तिला डॉब्सनची म्हणतात. जॉन डॉब्सन हे सॅनफ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातले साधू. जहाजांच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून ते आरसे करीत आणि जाड पुठ्ठ्याच्या नळीत बसवीत. १९६७ मध्ये त्यांनी मठ सोडला आणि पुढे जन्मभर रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवले. त्यांची बैठक जात्यासारखी जागच्या जागी फिरते, नळी वरखाली होते, बस्स. ना फार स्क्रू, ना थरथर. पैसा आरशावर खर्च होतो, थाटावर नाही.

बाकीचे सामान बहुतेक घरातच असते. अंधाराला डोळा सरावायला वीस मिनिटे लागतात, म्हणून बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद लावावा. मोबाइल खाली ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून भिंगे ठेवावीत. पापडाची काळजी आपण करतो तशीच. भिंग पदराने कधी पुसू नये, धुळीचे चरे पडतात. फुंकणीच्या पिचकारीने धूळ उडवावी आणि शक्यतो हात लावू नये. पंचांगात तिथी पाहावी. चंद्र पौर्णिमेला नव्हे, शुद्ध सप्तमी-अष्टमीला पाहावा, तेव्हा डोंगरांच्या सावल्या लांब पडतात. नक्षत्रपुंज आणि दीर्घिका अमावास्येच्या सुमारास पाहाव्यात. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपली सुगी.

एक मात्र हात जोडून सांगते. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नका. काही खोक्यांत डोळ्याजवळ बसवायची एक काळी काच "सूर्यासाठी" म्हणून येते. आरशाने एकवटलेल्या उन्हाने ती तडकते आणि त्या क्षणी डोळा जातो. आमच्या खोक्यातली मी फोडून टाकली. दिवसा दुर्बिणीवर झाकण, आणि मूल एकटे तिच्याजवळ नाही, हा नियम घरात असू द्या.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आपल्या कपाटात शिवणयंत्रे आहेत, लग्नकार्याची मोठी पातेली आहेत. ज्यांच्या घरी ती घेणे परवडत नाही त्या इथून नेतात. तशीच एक १०×५० ची दुर्बीण आणि एक सहा इंची आरशाची डॉब्सनची दुर्बीण वर्धापननिधीतून घ्यावी. घरोघरी फसवी खोकी आणण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एक चांगली बरी. ती सांभाळण्याचे काम मी आणि आमची धाकटी करू. आमची जुनी दुर्बीणही मंडळाला देते, पण ४ चे भिंग आणि बार्लो काढून ठेवूनच!

आपल्या शेजारी एखाद्या सासूबाई असतील, एखादी आठवीतली मुलगी असेल. त्यांना गच्चीवर बोलावून काळोख दाखवण्याची पाळी कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी हे बोलले.