पेशव्यांच्या वकिलांचा विलायतप्रवास

पनवेलहून पुण्याकडे जाणारी जुनी वाट चौक व खालापूर हीं गांवें मागें टाकून खोपोलीस पोहोंचते आणि तेथून बोरघाटाची चढण सुरू होते. घाटाच्या पायथ्याशीं नाना फडणिसांनीं बांधविलेलें तळें आणि महादेवाचें देऊळ आहे. घाट चढून दमलेल्या व उतरून आलेल्या वाटसरूंना या तळ्यानें पिढ्यान्‌पिढ्या विसांवा दिला. परंतु नाना फडणीस आणि रघुनाथराव पेशवे यांच्या वैराचा रणमार्गहि हाच होता. आणि याच वैरापायीं एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाला समुद्र ओलांडून लंडन गांठावें लागलें.

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ सालीं झाला. पुण्याच्या कारभाऱ्यांनीं रघुनाथरावांस, म्हणजे दादासाहेबांस, गादीवरून दूर केलें, तेव्हां त्यांनीं इंग्रजांचा आश्रय घेतला आणि १७७५ सालीं सुरतेचा तह केला. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज दादांना घेऊन पनवेल-खोपोलीच्या वाटेनें घाटावर चढली. पुढील जानेवारींत वडगांव येथें तिला शरण यावें लागलें. १७८१ च्या प्रारंभीं जनरल गॉडर्ड पुन्हा याच घाटाखालीं येऊन बसला. त्याची आघाडी खंडाळ्यास होती आणि रसद पनवेलहून येत असे. मराठ्यांनीं नेमकी ती रसदच तोडली. एप्रिलांत गॉडर्डला मार खात पनवेलीकडे परतावें लागलें.

खालापूरच्या रानांत दादांच्या आशा अशा मावळत असतां त्यांचे वकील लंडनांत खटपट करीत होते. मुंबईकर इंग्रजांकडून काम होत नाहीं, तर खुद्द विलायतेच्या दरबारीं दाद मागावी, हा दादांचा हेतु. इंग्लंडांतील कागदांत हणमंतराव नांवाचे ब्राह्मण आणि मणियार पारशी हे या वकिलातींतील प्रमुख म्हणून आढळतात.

त्या काळीं सुवेझचा कालवा नव्हता. तो १८६९ सालीं खुला झाला. हे वकील गलबतानें सुवेझपर्यंत गेले. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागांत वारा बहुधा उत्तरेकडूनच वाहतो, म्हणून शिडाच्या गलबतास तेथें फार रखडावें लागे. परंतु हणमंतरावांसारख्या कर्मठ माणसाला वाऱ्याहूनहि मोठी धास्ती होती ती अन्नपाण्याची. पिंपांत भरलेलें पाणी कोणाच्या हातचें, चूल कोणाची, सोंवळें राखावें कोठें, हे प्रश्न घरीं बसून क्षुल्लक वाटतील. जहाजावर मात्र ते रोज दोन्ही वेळां पुढें उभे राहत. ज्याचें उत्तर चुकलें, त्याला परतल्यावर पंक्तींत पाट मिळण्याची खात्री नसे.

ही भीति निराधार नव्हती. बौधायन धर्मसूत्रांत पातित्य आणणाऱ्या कर्मांची यादी आहे. तींत पहिलेंच नांव समुद्रप्रवासाचें येतें. त्याचें प्रायश्चित्त तीन वर्षांचें: प्रत्येक चौथ्या भोजनकाळीं अल्प आहार, त्रिकाळ स्नान, दिवसा उभें राहणें आणि रात्रीं बसून काढणें. पुढील निबंधकारांनीं समुद्र ओलांडणाऱ्या द्विजाचा स्वीकार कलिवर्ज्यांत घातला. म्हणजे प्रायश्चित्त केलें तरी समाज त्याला परत घेईलच, असें नाहीं.

लंडनांत वकिलांचे हाल झाले. आचार सांभाळून राहावें अशी जागा मिळेना. ही गोष्ट प्रसिद्ध वक्ता व मुत्सद्दी एडमंड बर्क याच्या कानीं गेली. त्यानें त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें आणि बागेंतील कांचघर त्यांच्या स्वाधीन केलें. तेथें त्यांनीं आपल्या हातानें स्वयंपाक करावा, आपल्या रीतीनें स्नानसंध्या करावी, कोणी आड येऊं नये, अशी व्यवस्था त्यानें ठेविली. परक्याच्या धर्माचरणाचा असा मान राखणारा हाच बर्क पुढें वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटांत अभियोग चालविणारा झाला. दादांस मात्र विलायतेहून हवी ती मदत मिळाली नाहीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें इंग्रजांनीं त्यांचा पक्ष सोडला.

वकील परतले ते इराणच्या वाटेनें. स्वदेशीं येतांच त्यांना वाळींत टाकण्यांत आलें. काशींत राहणारा विल्फर्ड नांवाचा पंडित यानें हा वृत्तांत नोंदवून ठेविला आहे. त्याच्या मतें हे ब्राह्मण वकील दोघे होते. नवल असें कीं, त्यानें दिलेल्या आरोपांत समुद्राचें नांव नाहीं. म्लेंच्छांच्या देशांतून जाणाऱ्याला शास्त्राप्रमाणें राहणें शक्यच नाहीं, हा एक आरोप. आणि त्यांनीं अटक ओलांडली, हा दुसरा. ज्या रघुनाथरावांच्या १७५८ च्या स्वारींत मराठी झेंडा अटकेपर्यंत गेला म्हणून महाराष्ट्र आजहि अभिमान बाळगतो, त्यांच्याच वकिलांना तीच अटक पातक ठरली! फौजेनें गेल्यास पराक्रम आणि कामगिरीवर गेल्यास दोष, असा हा न्याय होता.

पुष्कळ सभा भरल्या, वादविवाद झाले. अखेर ब्राह्मणांनीं निर्णय दिला कीं, वकिलांचें शील निर्मळ आहे आणि प्रवास स्वदेशाच्या हितासाठीं होता. सबब त्यांना पुनर्जन्म देऊन शुद्ध करावें. यासाठीं स्त्रीची किंवा गाईची सुवर्णमूर्ति करून तींतून माणसास बाहेर काढावयाचें असे. तेवढें सोनें परवडत नसल्यास केवळ सोन्याची योनि करून चाले. दादांनीं ती शुद्ध सोन्याची करविली. वकील तींतून पार झाले, त्यांचे संस्कार नव्यानें झाले, ब्राह्मणांस विपुल दक्षिणा मिळाली आणि वकील पुन्हा पंक्तीस बसले. राज्य गमावलेल्या धन्यानें आपल्या सेवकांचें ऋण असें फेडलें. १७८३ च्या डिसेंबरांत दादा कोपरगांवीं वारले.

या निर्णयांतील खरी मेख सोन्यांत नसून हेतूच्या विचारांत आहे. माणूस कोठें गेला याबरोबरच तो कशासाठीं गेला, हेंहि पाहिलें पाहिजे, इतकें त्या सभेनें मान्य केलें. मात्र ही वाट धनवंताच्या आश्रितालाच मोकळी होती. ज्याच्या पाठीशीं पेशवा नाहीं, त्यानें सोनें कोठून आणावें?

त्याचें उत्तर मिळण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली आणि कर्जत स्टेशनावरून पुण्याची मंडळी कांहीं तासांत मुंबईच्या धक्क्यावर पोहोंचूं लागली. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्या वैद्यक शिकण्यासाठीं. आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं, हें त्यांनीं श्रीरामपूरच्या सभेंत आधींच बजावलें होतें. त्यांच्यासाठीं कोणीं सोन्याची मूर्ति घडविली नाहीं. हणमंतरावांच्या बाबतींत जें मोठ्या खर्चानें सिद्ध करावें लागलें, तें या अठरा वर्षांच्या मुलीनें प्रवासापूर्वींच आपल्या निश्चयानें सांगून टाकलें. समुद्राची भीति महाराष्ट्राच्या मनांतून उतरूं लागली, ती अशाच माणसांमुळें.