गुझमान पकडला गेला तेव्हा

१२ सप्टेंबर १९९२. पेरूची राजधानी लिमा. सुर्कियो भागातल्या एका घरात खाली नृत्याचे वर्ग भरत आणि वरच्या मजल्यावर पोलिसांना हवा असलेला माणूस लपला होता: ‘सेंदेरो लुमिनोसो’ या माओवादी संघटनेचा प्रमुख आबिमाएल गुझमान, एकेकाळचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. पोलिसांच्या एका छोट्या पथकाने त्या घराचा कचरा चिकाटीने तपासला. त्यात सोरायसिसवरच्या औषधाची रिकामी वेष्टनं सापडली. गुझमानला तोच त्वचाविकार होता! एकही बळी न जाता तो हाती लागला.

पण लोक त्याच्यापासून आधीच दुरावले होते. ज्या गरिबांच्या नावाने १९८०मध्ये बंड पुकारलं, त्यांनाच बंडखोरांनी मारलं. १९८३मध्ये लुकानामार्का परिसरात ६९ गावकऱ्यांची हत्या झाली, लहान मुलांसह. १९९२च्या फेब्रुवारीत लिमाच्या वस्तीत गरिबांसाठी झटणाऱ्या मारिया एलेना मोयानो यांना ठार केलं. डोंगराळ भागातले शेतकरी गस्तीची पथकं उभारून बंडखोरांशी लढत होते.

लष्करानेही निरपराधांचे बळी घेतले, हे विसरून चालणार नाही. सत्यशोधन आयोगाने २००३मध्ये या संपूर्ण संघर्षातले मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ६९ हजारांचा अंदाज दिला. त्यातले बहुसंख्य ग्रामीण, केचुआभाषक होते.

अटकेनंतर संघटना झपाट्याने खचली. गुझमान ११ सप्टेंबर २०२१ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी कैदेतच वारला.