समुद्राची मोजणी : नामिबियाचा अनुभव

(शेतकरी व मच्छीमार मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शेताची हद्द ठरली, सातबारा नावावर झाला, तरी विहिरीला पाणी किती लागेल हे त्या कागदावरून कळत नाही. समुद्राचेही तसेच आहे. सागरी कायद्याबाबतच्या १९८२ च्या आंतरराष्ट्रीय कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळीवर आणि समुद्रतळावर किनारी देशाचा हक्क मान्य केला. हक्क मिळाला, परंतु अनेक गरीब देशांकडे ना सर्वेक्षणाची जहाजे होती, ना तज्ज्ञ, ना गस्तीच्या नौका. अशा देशांना बाहेरून मदत कोणत्या कामी येते आणि कोठे थांबते, हे आज मी एका देशाच्या उदाहरणावरून सांगणार आहे. तो देश म्हणजे आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरील नामिबिया.

या देशाचा किनारा वाळवंटी आहे. किनाऱ्यालगत शेती जवळजवळ नाहीच. समुद्र मात्र अतिशय सुपीक. याचे कारण शेतकऱ्याला चटकन समजेल. तेथे दक्षिणेकडून वाहणारे वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते. मेलेले जीव तळाशी जाऊन कुजल्यामुळे या पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. वर ऊन मिळाले की त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यावर मासळी पोसली जाते. वाराच जणू शेताला खताची मात्रा देत असतो.

१९९० पूर्वी नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. हा ताबा बेकायदेशीर असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी ठरविले होते. त्यामुळे तेथील २०० मैलांची हद्दही कोणी मानीत नव्हते. रशिया, स्पेन आणि इतर देशांचे मोठे ट्रॉलर येत आणि हवी तेवढी मासळी नेत. आपल्या तारलीच्या कुळातील पिल्चर्ड १९६८ मध्ये सुमारे १४ लाख टन पकडली गेली. पुढे काही वर्षांतच तिचा साठा कोसळला. तळाशी राहणाऱ्या हेक माशाची पकड १९७२ मध्ये ८ लाख टनांवर गेली आणि मग तीही घसरली. बांध नसलेल्या रानात सगळ्या गावची गुरे सुटावीत, तसा हा प्रकार होता.

२१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. नव्या सरकारने आपली हद्द जाहीर केली आणि परदेशी जहाजांना निघून जाण्यास सांगितले. नव्या राज्यघटनेतही सागरी हद्दीतील व समुद्रतळावरील नैसर्गिक संपत्ती देशाची, असे कलम घालण्यात आले. बरीच जहाजे गेली. काहींनी चोरून मासेमारी चालू ठेवली. तेव्हा सरकारने हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवून स्पॅनिश ट्रॉलर पकडले, खटले भरले आणि जहाजे जप्त केली. वाल्विस बे हे मुख्य बंदर त्या वेळी अजून दक्षिण आफ्रिकेकडेच होते. ते १९९४ मध्ये परत मिळाले.

पण पाण्यात मासळी शिल्लक किती? हे काम ‘डॉ. फ्रिट्यॉफ नॅन्सन’ या जहाजाने केले. नॉर्वेचा पैसा व तज्ज्ञ आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे सहकार्य अशी ही योजना आहे. या नावाचे पहिले जहाज १९७५ मध्ये आपल्याच अरबी समुद्राच्या पश्चिम व उत्तर भागात कामाला लागले होते. आज या नावाचे तिसरे जहाज काम करते. ते २०१७ मध्ये दाखल झाले.

जहाजावरील मोजणी आपल्या पीक कापणी प्रयोगासारखी असते. सगळे शेत कापून उत्पादन काढीत नाहीत. निवडक प्लॉट कापून अंदाज बांधतात. तसेच ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळ जाळे ओढतात, किती क्षेत्र झाडले गेले आणि त्यात किती हेक आले यावरून साठा काढतात. थव्याने फिरणाऱ्या मासळीसाठी ध्वनिलहरी पाण्यात सोडून त्यांच्या परतीच्या आवाजावरून अंदाज घेतात. दरवर्षी त्याच पद्धतीने मोजले तरच वाढ की घट हे कळते. एका वर्षाच्या आकड्याचा फारसा उपयोग नाही, आणि मदतीच्या काही योजना मात्र लवकर आटोपतात.

मोजणीवरून नामिबियाने हेकची मर्यादा सुरुवातीला सुमारे ६० हजार टन इतकी खाली आणली. नव्या देशाला परकीय चलनाची निकड असताना हा निर्णय सोपा नव्हता. पुढील काही वर्षांत साठा सुधारेल तसा कोटा वाढविण्यात आला. २०० मीटरपेक्षा उथळ पाण्यात ट्रॉलिंगला बंदी झाली. चुकून जाळ्यात आलेली मासळी समुद्रात फेकणे गुन्हा ठरला. जहाजांवर निरीक्षक बसविले. मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. नॅन्सनवर नामिबियाची मुले शिकली आणि २००० पासून हेकचे सर्वेक्षण त्यांचेच तज्ज्ञ भाड्याच्या ट्रॉलरवरून करू लागले.

आता दुसरी बाजू. पिल्चर्डचा साठा मात्र पुन्हा सावरला नाही. २०१८ पासून तिची मासेमारीच बंद करावी लागली. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आइसलँडच्या एका कंपनीने लाच देऊन कोटा मिळविल्याचे आरोप कागदपत्रांसह बाहेर आले. मत्स्य आणि कायदा खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, त्यांना अटक झाली. आरोपींनी आरोप नाकारले आहेत. नॉर्वेचे जहाज मासे मोजून देऊ शकते. कोटा कोणाला द्यावा हे विंडहूकच्या कचेरीत ठरते, तेथे बाहेरचा तज्ज्ञ काय करणार?

समुद्रतळाचा प्रश्न तर आपल्या खताच्या पोत्यापर्यंत येऊन पोहोचतो. सुपर फॉस्फेटसाठी लागणारा खडक आपण मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. नामिबियाच्या समुद्रात, वाल्विस बेच्या नैऋत्येस सुमारे २०० ते ३०० मीटर खोलीवर, फॉस्फेटयुक्त वाळूचे थर आहेत. ती वाळू पंपाने उपसण्याच्या प्रकल्पाला २०१६ मध्ये पर्यावरण परवाना मिळाला. मच्छीमारांनी विरोध केला आणि त्याच वर्षी तो परवाना रद्द झाला. पुढे वाद कोर्टात गेला. कंपनी म्हणते, उपसा थोड्याच क्षेत्रात होईल. मासेमारीवाले म्हणतात, गढूळ पाणी हद्द पाळीत नाही आणि हेक याच तळावर राहतो. दक्षिणेकडे समुद्रातून हिरे काढण्याचे काम कित्येक वर्षे चालू आहे. पण हिऱ्यांचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण उपसण्याची वाळू आणि खोली दोन्ही निराळी आहेत. तळ उपसल्यावर तेथील किडे, शिंपले आणि पिल्ले किती वर्षांत परत येतात, हे प्रत्यक्ष त्या जागी पाहावे लागेल. परवाना देण्याआधी हे काम व्हावे, एवढीच तेथील मच्छीमारांची मागणी असेल तर ती मला रास्त वाटते. स्फुरदाची गरज आपल्या शेतीला आहेच. म्हणून हे आपणही ऐकून ठेवावे.