पिवळ्या दुधाचा काटा ओळखा
(फैजपूर येथील बैठकीतील भाषण)



बांधावर काटा दिसला की आपण विळा चालवतो. पण सगळे काटे वैरी नव्हेत. उंटकटारा इथलाच, त्याला काटेरी गोल चेंडू येतो. करडई तर आपलं पीकच. आज बोलायचं ते पिवळ्या धोतऱ्याबद्दल. कोणी त्याला बिलायत म्हणतं. हा मूळचा मेक्सिकोकडचा.

ओळख सोपी आहे. पान काटेरी, शिरांवर पांढुरक्या रेघा, फूल पिवळं. देठ मोडा. पिवळं दूध निघालं की तोच.

आता हिशेब करा. एका बोंडात ३००-४०० बिया. एका झाडाला बोंडं किती, ते तुम्हीच मोजा. सगळं बी एकाच साली उगवत नाही. वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसतं. यंदा झाड सोडलं, तर पुढच्या कित्येक निंदण्यांची मजुरी आपणच पेरली.

हा वाढतो कशाने? गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गायरानावरचं मारवेल, पवन्या खाऊन संपतं, धोत्रा तेवढा उभा राहतो. उघडी पडलेली जमीन त्याची होते. चारा घटतो, काटा वाढतो. म्हणून नुसतं उपटून भागणार नाही. मोकळ्या झालेल्या जागी पावसाळ्यात मारवेलाची ठोंबं लावा आणि गवत धरेपर्यंत तिथली चराई बंद ठेवा.

मायबहिणींनो, याचं काळं बी मोहरीसारखं दिसतं, पण ते विषारी आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याचं तेल मिसळलं गेलं. पाय सुजले, दम लागला, साठाच्या वर माणसं दगावली. मोहरीच्या शेतात हा एकही राहू देऊ नका.

दादर आणि कपाशी उभी असते तेव्हाच, फूल येण्याआधी, तो मुळासकट खणून काढा. बोंड धरलेलं झाड उकिरड्यावर टाकू नका. शेणखतातून बी परत शेतात येईल. ते वाळवून जाळा.

शेवटचं. नाल्याच्या पाण्याबरोबर बी वरच्या शेतातून खालच्या शेतात उतरतं. वरच्याने सोडलं तर खालच्याने किती वर्षं निंदायचं? म्हणून प्रत्येक गावाने दिवस ठरवावा आणि बांध, नाला, गायरान एकाच दिवशी साफ करावं. तो दिवस आज इथून उठण्याआधीच ठरवा.