शरदातले खेळ आणि आपली मुले

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी क्रीडाशिक्षक नाही आणि डॉक्टरही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीसेक वर्षे रुळांच्या देखभालीचे काम करतो आहे. पावसाळ्यात आमच्या खात्याच्या माणसाला घर फारसे दिसत नाही. कुठे भराव खचतो, कुठे पुलाखाली पाणी चढते. बाप्पांचे विसर्जन झाले, नवरात्र बसले आणि पाऊस परतू लागला की मला संध्याकाळी उजेडात मुले दिसू लागतात. त्या दिवसांविषयीच आज बोलणार आहे.

आपल्याकडे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस परततो. मैदानातला चिखल वाळलेला असतो, पण जमीन उन्हाळ्यासारखी दगड झालेली नसते. मे महिन्यातली लू नाही, वार्षिक परीक्षा लांब, आणि दसरा-दिवाळीची सुट्टी तोंडावर. मुलाला खेळाची गोडी लावायला वर्षात याहून चांगले दिवस नाहीत. दुपारचे ऊन मात्र चटका देते, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचे पाणी बरोबर द्यावे. वाढलेल्या गवतात मुले शिरण्यापूर्वी मोठ्यांनी काठीने एक फेरी मारावी.

खरी अडचण उजेडाची आहे. या दिवसांत भिलाईत साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. म्हणजे मुलाने साडेचारला मैदानावर असायला हवे. आपण ट्यूशन ठेवतो पाच वाजता आणि मग तक्रार करतो की मुलगा मोबाईल सोडत नाही! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. आणि उजेडाचे महत्त्व नुसते व्हिटॅमिनपुरते नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर काढले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लांबचे कमी दिसू लागले होते, बाकीच्या शाळांत सुमारे ४० टक्क्यांना. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या सभागृहात किती छोट्या नाकांवर चष्मे आहेत ते मी मघाशी मोजत होतो. असो.

आता जे सांगणार आहे ते सांगताना थोडा संकोच वाटतो.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना दसऱ्याच्या मुहूर्तावर मी त्याला क्रिकेटच्या कोचिंगला घातले. पांढरा ड्रेस, पॅड, बॅट, सगळा थाट. खरे सांगायचे तर क्रिकेट मला आवडते, त्याला नव्हे. रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेली मुले मी रोज पाहतो, तोही हिशेब मनात होता. सगळा पावसाळा घरात बसून काढलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून आठवड्यातून सहा दिवस धावायला आणि गोलंदाजीला लावले. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "बाबा, टाच दुखते." मी म्हणालो, "नाटकं करू नकोस, सवय होईल." दिवाळी झाली, तो लंगडू लागला, तरी मी त्याला स्कूटरवर बसवून नेतच होतो. शेवटी त्याच्या आईने माझ्याशी भांडून त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सांगितले की या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि त्या भागावर अति ताण आला की असे दुखते. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत हे नेहमी दिसते आणि विश्रांतीने बरे होते. मुलगा बराही झाला. पण घरी आल्यावर तो म्हणाला, "मला खेळायचंच नव्हतं. तुम्हाला आवडतं म्हणून जात होतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. रुळाखालची खडी उपसून, चाळून पुन्हा भरली की त्या जागेवरून पहिली गाडी आम्ही ताशी २० किलोमीटरने काढतो. लोको पायलटला तशी कॉशन ऑर्डर लेखी मिळते. मग पॅकिंग, मग ४५, पुन्हा पॅकिंग, मग ७५, आणि मग कुठे पूर्ण वेग. वरिष्ठांचा कितीही फोन आला तरी मी त्यात घाई केलेली नाही. लोखंडाच्या रुळाची इतकी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या पोराच्या हाडांना पहिल्या दिवशीच पूर्ण वेगाने सोडतो, याला काय म्हणावे?

त्यानंतर वर्षभर तो मैदानाकडे फिरकला नाही. पुढच्या नवरात्रात आमच्या क्वार्टरमागे मुले पिट्टुल खेळत होती. पिट्टुल म्हणजे आपली लगोरीच. एक भिडू कमी पडला म्हणून त्यांनी याला ओढले. मी खिडकीतून पाहत होतो. जो पोरगा कोचिंगला जाताना मान खाली घालायचा तो अंधार पडला तरी घरी यायला तयार नव्हता. त्याला धावत येणाऱ्याला चुकवायला आवडते, चेंडूत त्याचे मन नाही, हे मला तेव्हा कळले. आज तो शाळेत खो-खो खेळतो. संघात राखीव असतो, पण एकही दिवस चुकवत नाही.

म्हणून खेळ निवडण्यापूर्वी दोन आठवडे मुलाला नुसते मोकळे खेळताना बघा. कोणाला पकडापकडी आवडते, कोणाला नेम धरणे, कोणाला जोर लावणे. अंगाने जड मुलाला धावण्याच्या शर्यतीत शेवटी ठेवून लाजवू नका, रस्सीखेचीत त्याला सर्वांत मागे उभा करा आणि मग त्याचा चेहरा बघा. गर्दीत बुजणाऱ्या मुलाला सायकल किंवा धावणे बरे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुचवले आहे की एकाच खेळात झोकून देणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे आणि आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्यावी. तोवर मुलाने तीन खेळ सोडून चौथा धरला तर त्याला धरसोड म्हणू नका.

बॅटच्या किमतीची चिंताही नको. २०२२ साली ६ ऑक्टोबरपासून, म्हणजे याच ऋतूत, छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू झाले होते. त्यात १४ खेळ होते आणि पिट्टुल, गिल्ली-डंडा, लंगडी, खो-खो, भौंरा म्हणजे भोवरा, असे बहुतेक आपल्या आजी-आजोबांच्या ओळखीचे. फुगडीसुद्धा होती! इथली फुगडी उकिडवे बसून पाय पुढे-मागे करत घालतात, आपल्या बसफुगडीसारखी. मी घरी करून पाहिली. वीसही झाल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. आणि खो-खोला कमी लेखू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताचे दोन्ही संघ जिंकले. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बारा-तेरा वर्षे झाली की आपण मुलीला मैदानावरून हळूच घरात बोलावतो. कोणी मनाई करत नाही, फक्त "आता मोठी झालीस" एवढेच म्हणतो. शेजारच्या दुर्गची सबा अंजुम २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात होती, तेव्हा ती १७ वर्षांची होती. पुढे २०१५ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. आपल्या भिलाईतच कै. राजेश पटेल सरांनी साध्या घरच्या मुलींना बास्केटबॉल शिकवले, त्यांतल्या कित्येक पुढे रेल्वेकडून खेळल्या. सगळ्याच मुली तिथवर जाणार नाहीत. माझी पुतणी तर कुठल्याच स्पर्धेत नाही, पण रोज अर्धा तास दोरीवरच्या उड्या मारते आणि तिची आई सांगते की रात्री पाठ टेकताच झोपते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी माझी ड्यूटी नाही. मंडळाच्या मागच्या मोकळ्या जागेत दुपारी साडेचारला जमू या. ज्यांच्याकडे फरशीचे चपटे तुकडे असतील त्यांनी लगोरीसाठी आणावेत, चेंडू आणि रस्सी मी आणतो. पहिले दोन आठवडे कोणी गुण मोजायचे नाहीत आणि बाबांनी बाजूला उभे राहून ओरडायचे नाही. माझ्यावर लक्ष ठेवायला माझा मुलगा येणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!