फाट्यावरचा अपघात आणि भरपाईचा दावा



गावाकडचा रस्ता हमरस्त्याला मिळतो तो फाटा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. चहाची टपरी, वडापच्या जीपा, एस.टी.ची वाट पाहणारी माणसे. ऊस उंच वाढला की आडव्या रस्त्याने येणारे वाहन दिसतच नाही. लहान रस्त्यावरून येणाऱ्याने हमरस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, हा नियम. पण चौक जवळ येताच हमरस्त्यावरच्यानेही वेग कमी करावा, हाही नियमच. म्हणून टक्कर झाली की दोन्ही चालक एकमेकांकडे बोट दाखवतात, दोन्ही विमा कंपन्याही तेच करतात आणि टेम्पोत मागे बसलेली, मांडीचे हाड मोडलेली मजूर बाई अधांतरी राहते.

आज आम्ही या बाईच्या बाजूने बोलणार आहोत. चूक कोणाची किती, हे कोडे तिने सोडवायचे नाही. दोन चालकांच्या निष्काळजीपणाने तिसऱ्याला इजा झाली तर त्याने संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करावी, त्या दोघांनी आपसातला हिशेब नंतर पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई खटल्यात सांगितले आहे. तेव्हा अर्जात दोन्ही गाड्यांचे मालक व दोन्ही विमा कंपन्या यांना सामील करावे. याला आणखी एक कारण आहे. मालवाहू टेम्पोत माणसे बसवली तर त्यांच्या भरपाईची जबाबदारी त्या टेम्पोच्या विमा कंपनीवर सहसा येत नाही, हे २००२ च्या आशा राणी खटल्यापासून ठरलेले आहे. आणि आपले मजूर तर टेम्पोतूनच कामाला जातात! समोरच्या गाडीची कंपनी मात्र या सबबीवर सुटत नाही. एकाच गाडीवर दावा लावून बसलेल्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. स्वतः मोटारसायकल चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची जितकी चूक ठरेल तितकी रक्कम कापली जाते.

आता कागदांविषयी. दाव्याचा पाया कोर्टात नव्हे, दवाखान्यात घातला जातो. जखमीला दाखल करताना घाबरलेले नातेवाईक 'पडून लागले' असे सांगून मोकळे होतात. तेच केसपेपरवर उमटते, आणि दोन वर्षांनी कंपनीचा वकील तेच वाचून दाखवतो. वाहनाने धडक दिली, अमुक फाट्यावर दिली, गाडीचा नंबर अमुक, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. पोलिसांत फिर्याद व पंचनामा झालाच पाहिजे. औषधाची प्रत्येक पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा.

आमच्या वस्तीतील एका भगिनीचा अंगठा तिसऱ्याच दिवशी, खाटेवर पडल्या पडल्या, 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर उमटवून घेतला. हातात दहा हजार रुपये. पायात सळई बसवण्याचाच खर्च त्याच्या कितीतरी पट. असा कागद झाला म्हणजे दावा संपला असे नव्हे, पण विरोधकाच्या हाती आयते शस्त्र जाते.

भरपाई किती? पुष्कळांना वाटते की डॉक्टरने चाळीस टक्के अपंगत्व लिहिले म्हणजे चाळीस टक्केच नुकसान. तसे नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात फार समजूतदार उदाहरण दिले आहे. डावा हात तुटला तर वैद्यकीय अपंगत्व साठ टक्के धरले जाईल. पण तो माणूस सुतार किंवा चालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकेलही. म्हणून आपण काय काम करत होतो आणि आता काय करता येत नाही, हे साक्षीत सविस्तर सांगा. उकिडवे बसता न येणाऱ्या बाईला खुरपणी कशी जमणार? घरकामाचेही मोल न्यायालये धरतात. प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला आला पाहिजे, हे वकिलाला आधीच बजावा.

कायद्याचे कलम १६४ चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देते. ते घेतले की मोठा दावा संपतो, हे ध्यानात ठेवून सही करा. गाडी पळून गेली आणि नंबरच मिळाला नाही, तर २०२२ पासून गंभीर दुखापतीला पन्नास हजारांची तरतूद आहे.

मुदतीबाबत फसगत होते. १९९४ साली मुदतीचे बंधन काढले होते. जुने लोक अजून तेच सांगतात. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर राहू नये. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा असे नाही. आपण राहतो त्या भागाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो.

दवाखान्याच्या दारात 'मिळतील त्यात टक्केवारी' म्हणणारे दलाल भेटतील. निकालावर टक्केवारी ठरवणे वकिलांना नियमाने मना आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायची तर आकडा नीट समजून घ्या, कारण त्यावर अपील नाही.

ज्यांची प्रकरणे चालू आहेत त्यांनी भोजनानंतर थांबावे. कागद बरोबर आणले असतील तर आम्ही आजच पाहू.